ॲनिव्हर्सरीला सरप्राइज ट्रिप देणाऱ्यांनो, जरा थांबा

परवा एका मित्राचा फोन. लग्नाला दहा वर्षं होतायत, बायकोला न सांगता तीन दिवस एका मोठ्या शहरात घेऊन जायचंय, एअरपोर्टवर पोचेपर्यंत तिला पत्ता लागू द्यायचा नाही, तू केलं होतंस ना असंच काहीतरी, ते तुझं एक्सेल पाठव की. म्हटलं एक्सेल नाही पाठवत, काय झालं ते सांगतो, मग तू ठरव. त्याला अर्धा तास सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण हा किडा एकट्या त्याच्या डोक्यात नसणार.

तर आमच्या दहाव्या ॲनिव्हर्सरीला मी तीन महिने गुपचूप प्लॅनिंग केलं. शीटमध्ये पिवळं म्हणजे बघायचं, हिरवं म्हणजे खायचं, निळं म्हणजे प्रवास, सकाळी ८ पासून रात्री ११ पर्यंत एक रकाना रिकामा नाही. ऑफिसात प्रोजेक्टचं एवढं केलं असतं तर आज कुठच्या कुठे असतो. बायकोला फक्त म्हणालो, चार दिवसांचे कपडे भर, गरम पण घे, हलके पण घे. आता यावर कोणी काय भरायचं? तिनं ॲनिव्हर्सरी म्हणून हौसेनं नवे टाचांचे सँडल घातले, आणि माझ्या शीटप्रमाणे पहिल्याच दिवशी चालायचं होतं साधारण १४ किलोमीटर.

पहाटेची फ्लाइट, साडेआठला हॉटेलच्या दारात. चेक-इन दुपारी ३ ला. हे बुकिंगवर लिहिलेलं असतं, बहुतेक हॉटेलांत २ किंवा ३ च असतं, मी वाचलंही होतं, पण शीटमध्ये '९ वाजता फ्रेश होणे' असं लिहून मोकळा झालो होतो. बॅगा ठेवून घेतल्या त्यांनी, बायको लॉबीतल्या वॉशरूममध्ये तोंड धुऊन आली आणि निघालो. पहिलं ठिकाण म्युझियम, तर ते त्या दिवशी बंद. मोठ्या म्युझियमना आठवड्याची सुट्टी असते आणि ती प्रत्येकाची वेगळी, पॅरिसमध्ये लुव्र मंगळवारी बंद तर नदीपलीकडचं ओर्से सोमवारी, न्यूयॉर्कचं मेट बुधवारी. तिकीट आधी काढलं असतं तर लगेच कळलं असतं, पण मी म्हटलं होतं तिथे जाऊन काढू, गर्दी नसेल. गर्दी नव्हतीच.

संध्याकाळी एकदाची रूम मिळाली. दार उघडलं तर दोन वेगवेगळे सिंगल बेड, मध्ये टेबल, टेबलावर फोन. लग्नाच्या वाढदिवसाला! बुकिंगमध्ये 'डबल किंवा ट्विन' असं होतं आणि मला ते एकच वाटलं होतं. ट्विन म्हणजे दोन सुटे पलंग, हे ज्ञान मला दहा वर्षांच्या संसारानंतर झालं. हॉटेल फुल, दुसरी रूम नाही. मग टेबल उचलून बाजूला ठेवलं, पलंग जोडले, वरून चादर ताणली, आणि फरशी इतकी गुळगुळीत की रात्री कूस बदलली की दोन्ही पलंग हळूच लांब जायचे आणि मधल्या फटीत मी.

पण हे सगळं एक वेळ हसण्यावारी नेता येतं, आम्ही अजूनही नेतो. खरी गोष्ट वेगळीच झाली. झोपायच्या आधी ती बाथटबच्या काठावर बसून टाचांवर पाणी सोडत होती, दोन्ही टाचा सोललेल्या, माझ्या हातात मेडिकलमधून आणलेल्या पट्ट्या. चिडलेली वगैरे अजिबात नव्हती. शांतपणे म्हणाली, "अरे, मला आधी सांगितलं असतंस ना, तर मी तीन महिने याच खुशीत काढले असते रे."

बस. माझं सगळं एक्सेल त्या एका वाक्यात वाहून गेलं.

कारण बघा, ते तीन महिने मी काय मजा केली होती! रात्री नकाशे उघडून बस, रस्त्यांचे फोटो बघ, हे हॉटेल की ते, सूर्यास्त किती वाजता. सगळी गंमत मी एकट्यानं खाल्ली आणि तिला दिला फक्त दमवणारा भाग. सरप्राइज म्हणून आपण जे देतो ना, ते बरेचदा आपल्यालाच दिलेलं असतं.

पुढे कधीतरी तिनंच एक अभ्यास शोधून माझ्या तोंडावर मारला. नेदरलँड्समध्ये दीडेक हजार लोकांवर केलेला, २०१० साली छापून आलेला. सुट्टीवर जाणारे लोक घरी बसणाऱ्यांपेक्षा जास्त खूश असतात, पण कधी, तर जायच्या आधी. परत आल्यावर दोघांत जवळपास काही फरक नाही. अपवाद फक्त ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली त्यांचा. म्हणजे मी दोन्हीकडून गेलो, आधीची खुशी तिला मिळू दिली नाही आणि निवांतपणा तर शीटमध्ये कुठल्याच रंगात नव्हता.

आता कुणी म्हणेल, बायकांना सरप्राइज आवडतं. आवडतं ना, अर्ध्या तासाचं आवडतं. उशीखाली चिठ्ठी ठेवा, आवडतं फूल रूमवर येऊ द्या. अख्खे तीन दिवस, रजा, चपला, पोरांची सोय आणि (सॉरी, पण खरं आहे) महिन्याच्या तारखा यांचं सरप्राइज कुणालाच नको असतं. आणि ठरवलेलं सगळं एकाचंच असलं की दुसरा माणूस पाहुणा होतो, प्रत्येक ठिकाणी 'किती छान' म्हणायची ड्यूटी त्याच्यावर.

मग आम्ही पद्धत बदलली. फोनमध्ये दोघांची मिळून एक नोट, त्यात सुचेल ते टाकायचं, आणि एकमेकांची एक गोष्ट खोडायचा हक्क, कारण न विचारता. माझी बाराव्या मजल्यावरच्या काचेच्या पुलाची आयडिया अशीच गेली, तिची पहाटे पाचच्या योगाची पण. दिवसाला ठरवलेली गोष्ट एकच, बाकी दिवस मोकळा. मोठ्या शहराचं असं आहे की ते कितीही केलं तरी संपत नाही, त्यामुळे संपवायला जाऊच नये. सगळं बघून घेऊ म्हटलं की तुम्ही एकमेकांकडे बघत नाही, घड्याळाकडे बघता.

हॉटेलच्या बाबतीत माझं मत आता पक्कं झालंय, स्टार एक कमी चालेल पण जागा अशी हवी की रात्री जेवून चालत परत येता यावं. त्या चालण्यात जेवढं बोलणं होतं तेवढं कँडललाइट डिनरला होत नाही, तिथे दोघंही जरा अवघडून बसतात. अजून एक, शहराच्या ऑफिसांच्या भागातली चांगली हॉटेलं शनिवार-रविवारी बरेचदा स्वस्त पडतात, कारण कामासाठी येणारी मंडळी शुक्रवारी निघून जातात. फक्त तो भाग सुट्टीला सुनसान नसतो ना तेवढं बघा. आणि जायच्या दोन-तीन दिवस आधी हॉटेलला थेट कळवा, ॲनिव्हर्सरी आहे, एकच मोठा बेड हवा, लिफ्टपासून लांबची रूम द्या. बुकिंग साइटवर टाकलेली रिक्वेस्ट ही रिक्वेस्टच असते, पण कोणती रूम कोणाला हे बरेचदा शेवटच्या एक-दोन दिवसांत ठरतं, तेव्हा आपलं नाव त्यांच्या डोळ्यासमोर असलेलं बरं.

उंच इमारतीवरून शहर बघायचं असेल तर दुपारी नका जाऊ. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी वर पोचायचं आणि अंधार पडेपर्यंत हलायचं नाही, एका तिकिटात दिवस, संध्याकाळ, दिवे सगळं मिळतं. सूर्य बुडाल्यावर जो थोडा वेळ निळा उजेड राहतो ना, खिडक्या पेटायला लागलेल्या आणि आकाश अजून काळं न झालेलं, तो मला सगळ्यात आवडतो. बहुतेक लोक सूर्य बुडाला की फोटो काढून निघतात. जाऊ द्या त्यांना.

आणि 'रोमँटिक' म्हणून जे विकलं जातं त्यावर जरा डोळे उघडे ठेवून जा. पॅरिसच्या पाँ देझार नावाच्या पुलावर जोडप्यांनी इतकी प्रेमाची कुलपं लावली की २०१४ मध्ये कठड्याचा एक भाग कोसळला, २०१५ मध्ये साधारण ४५ टन कुलपं काढून टाकावी लागली. प्रेमाचं ओझं म्हणतात ते हेच असावं. त्यापेक्षा पाण्याकाठचं शहर असेल तर क्रूझ-बिझ सोडा आणि लोक रोज कामाला जातात त्या फेरीबोटीत बसा. न्यूयॉर्कची स्टेटन आयलंड फेरी २५ मिनिटांची, एक पैसा लागत नाही, जाताना स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो. हाँगकाँगची स्टार फेरी १९व्या शतकापासून चालू आहे, इस्तंबूलमध्ये तर एका खंडातून दुसऱ्या खंडात जाता अर्ध्या तासाच्या आत. शेजारी कोणीतरी ऑफिस सुटून डुलक्या काढतोय, तुम्ही दोघं कठड्याला टेकून उभे. यापेक्षा अजून काय पाहिजे?

नवीन काहीतरी एकत्र करा असं सगळेच सांगतात, त्यातही थोडं तथ्य आहे बरं का. आर्थर ॲरन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या टीमनं २००० साली छापलेल्या प्रयोगात जोडप्यांचे हातपाय पट्ट्यांनी एकमेकांना बांधले आणि दोघांच्या मध्ये उशी धरून, हात न लावता, गुडघ्यांवर रांगत अडथळा पार करायला लावलं. सात मिनिटांचा खेळ, पण ज्यांनी साधं कंटाळवाणं काम केलं त्यांच्यापेक्षा ही जोडपी आपल्या नात्याबद्दल जास्त समाधानी निघाली. हे वाचल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे आपण ते पलंग ढकलले तेच का?" तर बहुतेक तेच. त्या ट्रिपमधलं तिला आज काय आठवतं विचाराल तर ती फटच आठवते, मी त्या फटीत अडकून हाक मारत होतो ते.

मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, अरे पण तिकिटं काढून झाली. म्हटलं मग आज रात्री तिला दाखव. काल त्याचा मेसेज आला, बायकोनं हॉटेलच बदललं आणि दोघं रात्री दीडपर्यंत नकाशा बघत बसले होते. सँडलचं मी त्याला वेगळं सांगितलं नव्हतं, तिनं स्वतःच आज बूट घेतलेत.