शंखाबद्दलही लिहायला हवं होतं

पाण्याचं तापमान आणि खारेपणा यांचा हर्मिट क्रॅबच्या (गोगलगायीच्या रिकाम्या शंखात राहणाऱ्या खेकड्याच्या) प्रजननावर कसा परिणाम होतो, हे लेखात छान समजावलंय. पण शंखावर एकच ओळ आली, याची रुखरुख लागली. मादी अंडी पोटाच्या बारीक पायांना चिकटवून शंखाच्या आतच वागवते. शंख तोकडा असला की अंडीही कमी मावतात. मीलनासाठीसुद्धा दोघांना शंखातून अर्धवट बाहेर यावं लागतं. म्हणजे किनाऱ्यावर रिकामे शंख किती आणि कोणत्या मापाचे आहेत, हा प्रश्न साधा नाही.

मी ऐरोलीची. पावसाळ्यात ठाणे खाडीचा खारेपणा एकदम उतरतो; पाण्यात तरंगणाऱ्या इवल्या अळ्यांची तिथेच कसोटी लागते. त्यातून जगलेलं पिल्लू मग तळाशी उतरून आपला पहिला, कणीएवढा शंख शोधतं. खाडीला २०२२ साली रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली, याचा आनंद आहेच. पण चिखलावर भराव पडला की गोगलगायी गाडल्या जातात. मग शंख येणार कुठून?

लेकीने मागे पिशवीभर शंख घरी आणले होते. रात्री त्यातला एक चालू लागला. सकाळी ओहोटीला आम्ही सगळे परत नेऊन ठेवले.