'थोडंसंच तर आहे' हे मला पुन्हा सांगू नका

"आबर नुअर आइन बिस्शन." म्हणजे, "पण अगदी थोडंसंच." गेल्या रविवारी जर्मनीतल्या बाम्बेर्ग गावातल्या एका हॉटेलात वाढप्याने हे मला खांदे उडवत ऐकवलं. तेव्हापासून माझं डोकं जे फिरलंय ते अजून ताळ्यावर आलेलं नाही.

मी सहा वर्षं व्हेगन आहे. मांस-मासळी तर नाहीच, दूध, तूप, लोणी, अंडं, मध यातलंही काही नाही. आई दूध-दही खाते, पण तिच्या गळ्यात तीस वर्षं तुळशीची माळ आहे. सध्या ती तीन महिन्यांसाठी माझ्याकडे एर्लांगेनला आलीय. तिला बाम्बेर्ग दाखवायचं माझ्या किती दिवस मनात होतं. ट्रेनने तासाभराच्या आतच. नदीच्या मधोमध बांधलेला जुना टाउन हॉल, टेकडीवरचं चार मनोऱ्यांचं कॅथेड्रल, १९९३ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेलं सगळं जुनं गाव. आणि मुख्य म्हणजे गेर्टनरश्टाट, माळ्यांची वस्ती. गावाच्या ऐन पोटात भाजीचे मळे. घरांना बैलगाडी आत जाईल एवढे मोठे कमानीचे दरवाजे, आणि मागे लांबच लांब वाफे. शेकडो वर्षं ही माणसं तिथे भाजी पिकवताहेत. इथल्या कोबीचं वाण वेगळं, कांद्याचं वेगळं. बटाटा तर बोटाएवढा आणि वाकडा, ह्यॉर्नला म्हणतात त्याला, २००८ साली जर्मनीत 'वर्षाचा बटाटा' ठरला होता. आई शेतकऱ्याची लेक. एका कुंपणाशी उभी राहून ती बराच वेळ वाफे बघत होती. म्हणाली, "तण म्हणून दिसत नाही गं कुठे. काय राखलंय!"

आणि अशा गावात, जिथली भाजी जगाचा वारसा आहे, तिथे दोन बायकांना भाजी खायला मिळत नाही.

जी पाटी वाचावी तिच्यावर तेच. बाम्बेर्गचा प्रसिद्ध कांदा? तो कोरून आत डुकराचा खिमा भरतात आणि वर बेकन ठेवतात. कोबी? त्यात मलई आणि मांसाचा स्टॉक. परतलेले बटाटे? श्पेक घालून, म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे. बटाट्याचं सॅलड तरी? त्यावर मांसाचं गरम पाणी ओतून ते मुरवतात. साउअरक्राउट, म्हणजे आंबवलेला कोबी, डुकराच्या चरबीत शिजवलेलं, लाल कोबी हंसाच्या नाहीतर डुकराच्या चरबीत. बटाट्याचे ते मोठे गोळे असतात, त्यांच्या पोटात लोण्यात तळलेले पावाचे तुकडे. सध्या श्पार्गेलचा, पांढऱ्या शतावरीचा हंगाम आहे, २४ जूनपर्यंत दारोदार तिच्याच पाट्या. मी म्हटलं, सॉस नको, हॅम नको, नुसती उकडलेली शतावरी आणि मीठ लावलेले बटाटे द्या. तर म्हणे उकळायच्या पाण्यातच लोणी घातलंय! अरे बाबांनो, पाण्यात पण? पाणी तरी सोडा की!

तीन ठिकाणी हे झालं. तोवर पावणेदोन वाजले. ज्यांना जर्मनीतली छोटी गावं माहीत नाहीत त्यांना सांगते, दोनच्या सुमारास इथली बरीचशी स्वयंपाकघरं बंद होतात ती थेट संध्याकाळी उघडतात. रविवारी सुपरमार्केटंही बंद. म्हणजे केळी आणि पाव विकत घ्यायचीसुद्धा सोय नाही. आईला मधुमेह आहे, तिला वेळेवर खावंच लागतं. बरोबर आणलेल्या दशम्या आम्ही अकरालाच संपवल्या होत्या, कारण गावात जेवायचंच ठरलं होतं. मी आदल्या दिवशी मॅपवर बघूनही ठेवलं होतं. 'व्हेगन पर्याय उपलब्ध', असं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात तो पर्याय म्हणजे श्नित्झल, म्हणजे मांसाचे काप, तळलेल्या तेलातच तळलेले चिप्स.

चौथ्या ठिकाणी बटाट्याचं सूप होतं. मी त्या माणसाला विचारलं. इंग्रजीत नाही, जर्मनमध्ये विचारलं, त्यामुळे भाषेचं कारण मला कोणी देऊ नये. एकेक शब्द सुटा करून म्हटलं, यात मांस नको, चरबी नको, हाडांचं पाणी नको, मलई नको, लोणी नको. आई धर्माने मांस खात नाही हेही सांगितलं. तो म्हणाला, "काही काळजी करू नका, व्हेगन आहे, सॉसेज घालत नाही." मी पुन्हा विचारलं, स्वयंपाकघरात एकदा विचारून या ना. तो आत गेला, आला, अंगठा दाखवला.

आईने तीन-चार चमचे घेतले असतील. मग तिचा हात थांबला. चमच्यात तुरीच्या डाळीएवढा गुलाबी तुकडा होता, एका कडेला पांढरी चरबी. तिने मला विचारलं, "हे गाजर आहे का गं?" मी बघितलं आणि मला बोलताच येईना. तिने चमचा बशीत ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि माळ हातात धरून बसली. एक शब्द बोलली नाही. ओरडली असती, रडली असती तरी मला परवडलं असतं.

मी त्याला बोलावलं. तर तो म्हणतो कसा, "सॉसेज तर काढलंच आहे. सूप सकाळीच मोठ्या पातेल्यात केलेलं असतं, त्यात श्पेक आहे, पण अगदी थोडंसंच." म्हणजे त्याला माहीत होतं! निदान आतल्याला तरी माहीत होतं! आणि दोन्ही सुपांचे पैसे लावले, वर टिप किती घालू म्हणून विचारलं.

तळपायाची आग मस्तकात जाते ती इथे. मला छप्पन्न भोग नको होते. त्या स्वयंपाकघरात बटाटे होते, मीठ होतं, तेल होतं, कांदा होता. दहा मिनिटांत होणारी गोष्ट. तेही नको असेल तर सरळ तोंडावर सांगा, "बाई, आमच्याकडे तुमच्यासाठी काही नाही." मी हात जोडून निघून जाईन. नाही म्हणण्यात कमीपणा नाही. पण हो म्हणून फसवता? आणि पकडलं गेल्यावर प्रमाण सांगता? तीस वर्षांचा नेम मोडायला किती ग्रॅम लागतात, ते सांगा ना मग.

आणि कायदा बघा. त्याच मेनूवर प्रत्येक पदार्थापुढे बारीक अक्षरांत ए, सी, जी, एल असे कोड होते. २०११ च्या एका कायद्यामुळे डिसेंबर २०१४ पासून युरोपात हॉटेलांनाही १४ ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती द्यावीच लागते. सेलरी आहे का, मोहरी आहे का, तीळ आहेत का, ल्युपिन नावाची डाळ आहे का, सगळं. ते हवंच, कोणाच्या जिवाचा प्रश्न आहे. पण डुकराची चरबी त्या १४ मध्ये नाही. हाडांचं पाणी नाही. म्हणजे सुपात सेलरीचं पान पडलं तर मला कळवणं बंधनकारक, अख्खं डुक्कर उकळलं तर नाही! 'शाकाहारी' आणि 'व्हेगन' म्हणजे नक्की काय याचे नियम युरोपीय आयोगाने करावेत, असं त्याच २०११ च्या कायद्यात लिहून ठेवलेलं आहे. कुठे आहेत ते नियम? आपल्याकडे पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर हिरवा ठिपका असतो. २०२२ पासून व्हेगन पदार्थांसाठी वेगळं चिन्हसुद्धा आहे. इथे दुकानात निदान डबा उलटून वाचता येतो. हॉटेलात मात्र सगळी भिस्त वाढप्याच्या अंगठ्यावर.

घरच्यांना फोनवर सांगितलं तर तिकडूनही तेच. "परदेशात एवढं बघून चालत नाही गं." का चालत नाही? आणि खरं सांगायचं तर हे 'थोडंसंच' मी आपल्याकडेही सहा वर्षं ऐकतेय. "दूध नाही घातलं, वरून फक्त चमचाभर तूप सोडलंय." अहो, ज्या घरात झुणका-भाकर होते, भरलं वांगं होतं, मटकीची उसळ होते, तिथे तो चमचा हात धरून कोण सोडायला लावतं? कुणाला बर्लिनला जा म्हणायचं असेल तर तेही नको. बर्लिनला मिळतं हे मलाही माहीत आहे. आई बर्लिन बघायला निघाली नव्हती.

शेवटी स्टेशनच्या वाटेवर एका छोट्या दुकानात फलाफल, म्हणजे छोल्यांचे वडे, मिळाले. काउंटरमागच्या मुलाला मी दोन वाक्यं सांगितली. त्याने हातमोजे बदलले, नवी सुरी काढली, फलाफलची कढई वेगळी आहे हे मला वाकून दाखवलं, दह्याच्या सॉसऐवजी तिळाचा आहे म्हणाला, आणि त्यात काय काय आहे ते न विचारता सांगितलं. एवढंच लागतं! दोन मिनिटांचं काम! टेकडीवरच्या त्या लाकडी तुळयांच्या, शंभर लोक बसतील अशा हॉटेलाला ते जमलं नाही.

पण आईने खाल्लं नाही. "तू खा, मला आता काही नको." साखर उतरेल म्हणून मी फळांचा रस पाजला, तोही बाटली माझ्याकडून दोनदा वाचून घेतल्यावर. घरी पोचल्यावर आधी ती डोक्यावरून आंघोळ करून आली, मग स्वतःच कुकर लावला. रात्री सव्वानऊला आम्ही मुगाची खिचडी खाल्ली. पुढच्या शनिवारी रोथेनबुर्गला जायचं ठरलं होतं. ती म्हणाली, "तू जाऊन ये, मी घरीच बरी."

तीन महिन्यांतले सात आठवडे उरलेत.