मावंदं

हिमालयातून परतून चार दिवस झाले. नाकाची सालं अजून निघताहेत, आणि काल गोव्यात, साखळीच्या बाजारात एका बशी पातळभाजीवर माझा ट्रेक वारला.

चंद्रताल नावाचं तळं. हिमाचलातल्या स्पितीत, सुमारे ४,२५० मीटरवर. आपला सोसोगड, गोव्यातलं सगळ्यात उंच शिखर, १,२०० सुद्धा भरत नाही. बातलहून १४ किलोमीटर चालत गेलो, दर वीस पावलांनी दगडावर बसत. शेजारून जीपगाड्या धूळ उडवत जायच्या, आत पोरं वेफर खात बसलेली. काठावर पोचलो तर कुणीतरी स्पीकर लावलेला. अरे, बागा किनाऱ्यावरून याच्यासाठी पळालो होतो का मी? असो.

हॉटेलात तळ्याचा फोटो बाहेर काढला तर पलीकडचे माळकरी काका वाकले. "मयेचं तळं ना?"

"नाही काका, हिमालयातलं. चंद्रकोरीसारखं आहे म्हणून चंद्रताल."

"कोरीची ती चंद्रभागा. पंढरपुरात."

इथं गप्प बसायचं होतं. पण ४५ हजार घालवलेला माणूस गप्प बसत नाही. म्हटलं, "या तळ्याचं पाणी चंद्रा नदीला जातं. पुढे तांदीला तिला भागा मिळते. तीही चंद्रभागाच! चिनाब म्हणतात ती."

काकांचा पाव भाजीत बुडाला तो तिथंच राहिला.

"म्हणजे दोन?"

"दोन."

"विठोबा कुठल्या काठावर?"

"पंढरपूरच्या."

"मग तू दुसऱ्या काठाला कशाला मेलास?"

गल्ल्यावरचा पोऱ्यासुद्धा हसला.

"स्नान केलंस?"

"पाणी नुसतं बर्फ हो."

"मुक्काम तरी काठावर?"

"तंबूला बंदी आहे. २००५ पासून रामसर स्थळ आहे ते, म्हणजे जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा. छावणी काही किलोमीटर अलीकडे."

"स्नान नाही, मुक्काम नाही, देव नाही." काकांनी तीन बोटं मिटली. चौथं धरून ठेवलं. "प्रसाद?"

"मॅगी," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

"अठरा वाऱ्या चालत केल्या मी," काका उठले. "नाक बघ माझं."

पंढरपूरची ती खरं तर भीमा, तिथं कोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा. हे मला आठवलं स्कूटरला किक मारताना! वर आणखी, गल्ल्यावर त्यांच्या भाजीपावाचेही पैसे माझ्याकडूनच घेतले.

"काका म्हणाले, पोर तीर्थाहून आलंय, मावंदं घालतोय."