कारखान्यात जोडलेले पाइप इमारतीत बसतच नाहीत का?

इमारतीचे पायपिंग बाहेर कारखान्यात जोडून आणण्याच्या पद्धतीविरुद्ध एक मजकूर बांधकाम क्षेत्रात बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा: कोणतीही इमारत नकाशाबरहुकूम उभी राहत नाही, म्हणून बाहेरून आणलेले पाइप शेवटी जागेवर कापावेच लागतात आणि काम दुहेरी होते, बाहेरच्या जोडांची खात्री नसते, वाहतुकीत ते निखळतात, कारागिरांचा रोजगार जातो, आणि मागाहून बदल करायला वाव उरत नाही.

पहिले विधान खरे आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. स्लॅबची पातळी कमीजास्त होते, खांब थोडे सरकतात, भिंतीत सोडलेली भोके ठरलेल्या जागी नसतात, हे साइटवर काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. परंतु या पद्धतीला इमारत अचूक असावी लागत नाही. इमारतीतील फरक पायपिंगच्या कोणत्या टोकाला सामावून घ्यायचा, हे आधी ठरलेले असावे लागते. स्पूल, म्हणजे पाइप, बेंड (वळणाचा तुकडा) आणि फ्लँज (टोकाला बसवलेली, बोल्टने जोडायची चकती) जोडून केलेला उचलण्याजोगा तुकडा, बनवताना निवडक टोकांना साधारण १०० ते १५० मिलिमीटर लांबी मुद्दाम जास्त ठेवली जाते. वर-खाली, डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे अशा तिन्ही दिशांना फरक घेता येईल, अशा बेताने ही टोके निवडतात. ते टोक जागेवर कापले गेले तर त्याला ‘दुहेरी काम’ म्हणता येत नाही, कारण तो काप शॉप ड्रॉइंगवर, म्हणजे कारखान्यातील कामासाठी काढलेल्या नकाशावर, आधीच दाखवलेला असतो. शिवाय स्लॅबचे सेंट्रिंग (काँक्रीटला आधार देणारा तात्पुरता साचा) निघाल्यावर लेझर स्कॅन करून प्रत्यक्ष मापे घेतली आणि मगच स्पूलची ड्रॉइंगे काढली, तर मोठे धक्के कागदावरच कळतात. ज्यांनी हे न करता निविदेच्या नकाशावरून थेट पाइप कापले, त्यांचा अनुभव कडू असणारच.

लांबीतील चुकीची इतकी चर्चा होते, पण अधिक त्रास देते ती कोनातील चूक. बेंड एका अंशाने तिरका जोडला गेला, तर ६ मीटर लांबीच्या पाइपाचे दुसरे टोक सुमारे १०५ मिलिमीटर बाजूला जाते, आणि ही चूक टोक कापून सुधारत नाही. परांचीवर उभे राहून, डोक्यावरच्या पाइपाला गुण्या लावून कोन साधणे अवघड असते; कारखान्यात तोच तुकडा सपाट टेबलावर पकडीत बसवून जुळवता येतो.

जोडांच्या खात्रीचा मुद्दा तर उलट दिशेने लागू पडतो. कारखान्यात पाइप रोटेटरवर फिरतो आणि वेल्डर वरच्या बाजूला, सोयीच्या स्थितीत टाका घालत राहतो. साइटवर पाइप स्थिर असतो, त्यामुळे त्याच माणसाला खालून, बाजूने आणि वरून अशा तिन्ही स्थितींत, कधी भिंतीपासून वीतभर अंतरावर, वेल्डिंग करावे लागते. त्याचे कौशल्य तेवढेच असते. हात पोहोचण्याची सोय तेवढी नसते. स्पूलची दाबचाचणी कारखान्यातच करता येते. तरीही साइटवरची चाचणी टळत नाही, हे मान्य केले पाहिजे: इमारतींच्या पायपिंगसाठीच्या एएसएमई या अमेरिकी यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या बी ३१.९ या संहितेनुसार पाण्याने घ्यायची चाचणी डिझाइन दाबाच्या किमान १.५ पट दाबावर होते आणि ती जोडणी पूर्ण झालेल्या प्रणालीची असते. फायदा असा की, गळती दिसलीच तर शोध बहुतांशी साइटवरच्या मोजक्या जोडांपुरता राहतो.

वाहतुकीत नीट केलेला वेल्ड निखळत नाही. इजा होते ती फ्लँजच्या तोंडांना, बाहेर आलेल्या बारीक फाट्यांना आणि आट्यांच्या जोडांना. उघड्या टोकांतून माती शिरते, ती वेगळीच. यावर उपाय साधे आहेत: टोकांना टोपणे, फाट्यांना तात्पुरता आधार.

रोजगाराबद्दल एवढेच, की फिटर आणि वेल्डर दोघेही लागतात; त्यांच्या कामाची जागा बदलते.

बदलाचा आक्षेप मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. डिझाइन लवकर गोठवावे लागते, आणि स्पूल तयार झाल्यावर मालकाने खोलीची जागा हलवली तर नुकसान कागदाचे नसून लोखंडाचे होते. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीत, जिथे छत उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, तिथे मीही ही पद्धत सुचवणार नाही. नव्या इमारतीत उभे राइझर (मजल्यांमधून वर जाणारे मुख्य पाइप), लांब मार्गिकांतले मुख्य पाइप आणि पंपघर कारखान्यात करावे, आणि शेवटचे फाटे जागेवर. पंपघरातही पंपाच्या फ्लँजला मिळणारा अखेरचा तुकडा पंप पायावर बसवून त्याची रेषा जुळवल्यानंतरच मापून करावा. आधी केलेला तुकडा ओढूनताणून बोल्ट आवळले, तर तो ताण पंपाच्या तोंडावर येतो आणि बेअरिंग व सील लवकर झिजतात.