वेदीवरचं सोनं का उतरलं?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या कॅथलिक वेद्यांना सर्रास ‘थंड’, म्हणजे रुक्ष, निर्जीव म्हटलं जातं. मला ते अजिबात मान्य नाही.

२५ नोव्हेंबर १७७७ ला स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याच्या दरबारातून बिशपांना परिपत्रक गेलं. रेताब्लो, म्हणजे वेदीमागे उंच चढणारी कोरीव मांडणी, यापुढे लाकडात नको. संगमरवर, दगड किंवा स्टुको (संगमरवरासारखा दिसणारा जिप्समचा गिलावा) वापरा आणि नकाशे माद्रिदच्या सान फर्नांदो कला अकादमीकडून मंजूर करून घ्या. यात अभिरुचीचा आग्रह होताच, पण भीतीही खरी होती. वर्षानुवर्षं वाळलेलं पाइन, त्यावर सरस-जिप्समचे थर आणि सोन्याचा वर्ख, समोर जळत्या मेणबत्त्या! आग लागायला कितीसा वेळ?

नव्या वेदीतून पिळाचे खांब गेले. (जुन्या गोव्यात बॉम जेझसच्या मुख्य वेदीला आहेत, तसे.) पिळाचा खांब भार पेलताना दिसत नाही, असा आक्षेप फ्रान्समध्ये लोजिए या वास्तुकलेवरच्या लेखकानं १७५३ मध्येच घेतला होता. मला तो रास्त वाटतो. सरळ खांबाचं गणित सोळाव्या शतकातल्या विन्योला या इटालियन वास्तुकाराचं: एकूण उंचीचे १९ भाग, ४ चौथऱ्याला, १२ खांबाला, ३ वरच्या आडव्या पट्ट्याला. साडेनऊ मीटर उंची असेल तर चौथरा २ मीटर, खांब ६, पट्टा दीड. कोरिंथियन, म्हणजे माथ्यावर पानांची नक्षी असलेल्या खांबाचा तळाचा व्यास उंचीच्या एक दशांश, म्हणजे ६० सेंटिमीटर. जागा कमी पडली म्हणून नुसता खांब आखूड केला आणि जाडी तशीच ठेवली, की सगळी वेदी बसकी दिसते. त्यापेक्षा चौथरा काढून टाकावा आणि उंचीचे पाच भाग करावेत: चार खांबाला, एक पट्ट्याला.

स्पेनमधल्या सेगोव्हियाच्या कॅथेड्रलमध्ये राजाचा वास्तुकार साबातिनी याला संगमरवर आणि ब्राँझ परवडलं, कारण पाठीशी राजा होता. इतरांच्या हाती स्टुको. जिप्सम सरसाच्या पाण्यात भिजवायचं, म्हणजे ते सावकाश घट्ट होतं. निरनिराळ्या रंगांचे गोळे एकत्र दाबून त्यांचे काप लावायचे. वाळले की प्युमिसनं, म्हणजे सच्छिद्र ज्वालामुखी दगडानं घासायचं, छिद्रं बुजवून पुन्हा घासायचं, शेवटी तेल किंवा मेण. भिंत दमट असेल तर हे करूच नये. क्षार बाहेर येतात, पृष्ठभाग फुगतो, पापुद्रे सुटतात, आणि डागडुजी केलेला तुकडा लगेच ओळखू येतो.

गरीब पॅरिशांनी, म्हणजे गावोगावच्या छोट्या चर्चांनी तर पाइनच रंगवून संगमरवराचा भास उभा केला. म्हणजे खर्च वाचला, पण आगीचा धोका होता तिथंच राहिला. ‘थंड’ हा शिक्का बसायचाच असेल तर या रंगवलेल्या लाकडावर बसावा, सेगोव्हियाच्या वेदीवर नव्हे.