लीगल एड क्लिनिकची चावी कुणाकडे आहे?

परवा आमच्या लॉ कॉलेजचं कायदेविषयक जनजागृती शिबिर झालं. दोन दिवस झाले, डोकं अजून भणभणतंय.

कॉलेजपासून बारा किलोमीटरवरचं गाव. लोकांना सकाळी साडेनऊला बोलावलं होतं, पाहुणे उगवले पावणेबाराला. तोवर बायका रोज बुडवून देवळापुढच्या मांडवात बसून. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक आणि पाऊण तास मूलभूत हक्कांवर भाषण. समोरच्या एकाही माणसाला काही विचारू न देता थेट आभार मानून मोकळे! त्यानंतर फोटो. फोटोंना मात्र वेळच वेळ होता. तारीख आणि ठिकाण उमटणारं ॲप लावून, कारण नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या, फायलीला जिओटॅग केलेले फोटो लागतात. पुढच्या खुर्च्या रिकाम्या दिसतात म्हणून मागे बसलेल्या मावशींना उठवून पुढे आणलं.

त्याच मावशींनी नंतर माझा हात धरला. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. दिरांनी तलाठ्याकडे जाऊन फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, करून घेतला, सातबाऱ्यावर त्यांची नावं चढली, हिचं कुठेच नाही. फेरफाराची नक्कल पिशवीत होती, घड्या पडून पडून मधून फाटत आलेली. "बाई, माझं नाव लागंल का वो?" एवढंच विचारत होत्या. मी कागद उलगडतेय तोवर सर ओरडले, "चला, बस सुटतेय!" आणि खरं सांगते, सर ओरडले नसते तरी मला उत्तर धड देता आलं नसतं. एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला आहे मी!

रात्री घरी पुस्तकं काढून बसले. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६. विधवा पहिल्या वर्गातली वारस. पहिल्या वर्गातलं कुणी हयात असताना दिरांचा वारसाहक्क येतोच कुठून? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. मंजूर झालेल्या फेरफारावर कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांताकडे अपील. मुदत ६० दिवस. मुदत उलटली असेल तर उशिराचं कारण दाखवून विलंबमाफीचा अर्ज. शिवाय सातबाऱ्यावरच्या नोंदीने मालकी ठरत नाही, त्यासाठी दिवाणी कोर्ट आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. हे सांगायला दहा मिनिटं लागली असती. शाल-श्रीफळाला त्याहून जास्त गेली.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक लॉ कॉलेजला लीगल एड क्लिनिक, म्हणजे लोकांना कायद्याची मोफत मदत देणारं केंद्र, चालवावंच लागतं. आमच्याकडे आहे ना! जिन्याखालची खोली, वर पितळी पाटी, दाराला कुलूप. खिडकीतून डोकावलं की मोडके बाक आणि जुन्या फ्लेक्सच्या गुंडाळ्या दिसतात. चावी शिपाईमामांकडे मागितली तर म्हणाले ऑफिसात आहे. ऑफिस म्हणतं समन्वयक सरांकडे. सर म्हणतात शिपायाकडे असेल बघ. तपासणीची समिती येते त्या दिवशी मात्र चावी सापडते, खोली झाडली जाते, आम्हाला पांढरे कपडे घालून आत बसवतात आणि रजिस्टरमध्ये पक्षकारांची नावं लिहिली जातात. कुठले पक्षकार? मी तीन वर्षांत एक पाहिला नाही.

तेच मूट कोर्टाचं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या लुटुपुटूच्या खटल्याचं. वर्षभराचा सगळा पैसा, सगळा वेळ, सगळं कौतुक त्या एका स्पर्धेवर. खटला कायम सुप्रीम कोर्टातलाच, भाषा इंग्रजीच. गेल्या वर्षी आम्ही तिघांनी मराठीतून युक्तिवाद करू द्या म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं, "मूट मराठीत होत नसतं." का होत नसतं? जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी म्हणून राज्य सरकारने १९९८ मध्येच अधिसूचना काढलीय. वर्गातली बहुतेक पोरं वकिलीची सनद मिळाल्यावर तालुका कोर्टातच उभी राहणार आहेत. तिथे दावा, कैफियत (दाव्याला लेखी उत्तर), निशाणी ५ चा (तात्पुरत्या मनाईचा) अर्ज, त्यावर म्हणणं, सरतपास (आपल्याच साक्षीदाराची तपासणी), उलटतपास. यातला एक कागद तरी स्वतःच्या हाताने मराठीत लिहून घेतला का कुणी आमच्याकडून? इंग्रजी नको असं माझं म्हणणं नाही. हायकोर्टात तीच लागते, ती मी शिकतेय, रोज शिकतेय. पण जी पोरगी मराठीत मुद्दा असा मांडते की वर्ग गप्प होतो, तिला पहिल्याच फेरीत उच्चारावरून बाद करता? ती त्या दिवशी जिन्यात बसून रडली. आता ती कुठल्याच कार्यक्रमात नाव देत नाही.

आणि जर्नल! नियम सांगतो, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला कोर्टात बसून बघायचा, नोंदी करायच्या. त्याला ३० गुण. कोर्टात जातं कोण? झेरॉक्सवाल्याकडे मागच्या बॅचची जर्नलं मिळतात. अर्ध्या वर्गाच्या जर्नलात एकच खटला, एकच साक्षीदार, तारीखसुद्धा तीच. सह्या झाल्या सगळ्यांवर. मी सहा दिवस कोर्टात बसले. पुकारा झाल्यावर पक्षकार कसा धडपडत आत येतो ते पाहिलं. पुढची तारीख पडली की तो बाहेर येऊन पहिल्यांदा एसटीचे पैसे मोजतो, तेही पाहिलं आणि लिहिलं. मला गुण कमी मिळाले. कारण काय, तर खाडाखोड फार आहे.

आमच्याकडे चांगलं शिकवणारे नाहीत असं नाही. पुरावा कायदा शिकवणाऱ्या मॅडम तासिका तत्त्वावर आहेत, त्या एकट्या आम्हाला कोर्टात घेऊन जायला निघाल्या होत्या. परवानगी मिळाली नाही.

मावशींचा नंबर मी घेतलाय. काल फोन केला. फेरफार मंजूर होऊन ६० दिवस कधीच उलटून गेलेत, म्हणजे विलंबमाफीचा अर्ज लागणार. बुधवारी त्यांना तालुक्याच्या कोर्टात बोलावलंय, विधी सेवा समितीच्या टेबलापर्यंत मी सोबत जाणार. त्या दिवशी कॉलेजात शिबिराच्या अहवालाची बैठक आहे, हजेरी सक्तीची. लावा गैरहजेरी.

क्लिनिक आठवड्यातून दोन दिवस उघडं ठेवा, आम्ही विद्यार्थी आळीपाळीने बसतो, असा अर्ज मी दोनदा दिलाय. दोन्ही वेळा "ठेवून जा" म्हणाले आणि दोन्ही अर्ज गहाळ झाले. सोमवारी तिसरा देतेय. यावेळी दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक पडल्याशिवाय टेबलासमोरून हलणार नाही.