‘किल मायनस नाईन मारा आणि पुढं जा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मालक,

(तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून सोलापूरच्या रिवाजाप्रमाणे मालक. राग मानू नये.)

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. उलट इथं पुन्हा जशीच्या तशी देतो, म्हणजे सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको. तुम्ही लिहिलंय: ‘किल मायनस नाईन मारायचं आणि पुढं जायचं, एवढ्यासाठी एवढा लांबलचक लेख? चाचणीचे बिल्ड वापरायचेच कशाला? डब्ल्यूएसएल आहे ना. अँटिव्हायरस बंद करून पाहिलंत का, याचा लेखात पत्ता नाही. एका मशीनवरच्या हँगवरून निष्कर्ष काढू नयेत. बाकी सोलापुरात बसून कर्नल डिबग करायची हौस समजू शकतो.’

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी: विंडोजवर सिगविनचा (युनिक्सची साधनं विंडोजवर चालवायची सोय) चाचणी बिल्ड, म्हणजे स्थिर होण्याआधीची आवृत्ती, टाकला, मेक (फायली क्रमानं बनवून घेणारं साधन) चालवताना मधेच बॅश (कमांड घेणारा प्रोग्रॅम) अडकून बसू लागला, तेव्हा तो नेमका कुठं अडकलाय हे कसं बघायचं, एवढाच विषय होता. किल मायनस नाईन म्हणजे चालू प्रोग्रॅम, अर्थात प्रोसेस, सक्तीनं संपवायची कमांड; डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजच्या आत चालणारं लिनक्स; कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण झोंबलं ते तेच. सोलापुरात बसून म्हणजे काय हो? अशोक चौकातल्या मशीनवरचं विंडोज वेगळं थांबतं आणि तुमच्याकडचं वेगळं? तुम्ही कुठून लिहिता ते तुम्ही सांगितलेलं नाही, त्यामुळे मी अंदाज करत नाही. (केलाय, पण लिहीत नाही.) आणि समजून घेताय तर नीट समजून घ्या. सिगविन कर्नल नाही. ती एक डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमला जोडून चालणारी लायब्ररी आहे, सिगविन वन नावाची, आणि प्रत्येक सिगविन प्रोसेसमध्ये ती साध्या वापरकर्त्याच्या हक्कानं चालते. 1995 साली सिग्नस सोल्यूशन्समध्ये हे काम सुरू झालं तेव्हापासून हेच आहे. दुसऱ्याला हौशी म्हणताना निदान ज्याबद्दल बोलतोय ते काय आहे, एवढं तरी माहीत असावं.

आता हौस. मी हे हौसेनं करत नाही. माझी सुरुवात एका सहकारी बँकेत एससीओ युनिक्सच्या टर्मिनलवर झाली, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. तिथं शेल स्क्रिप्ट लिहायला शिकलो, रात्री दिवसअखेर अडकली की पीएस (चालू प्रोसेसची यादी देणारी कमांड) मारून बघायला शिकलो, आणि कारण बघितल्याशिवाय प्रोसेस मारली तर सकाळी मॅनेजरसमोर कोण उभं राहतं तेही शिकलो. पुढं टेरी टॉवेलच्या कारखान्यात आलो. तिथं जॅकार्डचं, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीचं, डिझाइन करायचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. डिझाइनरनं केलेल्या चित्रापासून मागाला द्यायच्या फायली बनवण्याचं काम मात्र माझ्या मेकफाइल आणि स्क्रिप्ट करतात, आणि त्या सिगविनवर चालतात. तुम्ही संगणकशास्त्राची पदवी घेतली असेल, मी घेतलेली नाही. पण अडकलेली प्रोसेस म्हणजे काय हे मला प्रतिक्रियेच्या खिडकीतून शिकायची वेळ आलेली नाही.

तर आता किल मायनस नाईन.

लिनक्सवर हा सिग्नल (प्रोसेसला धाडलेला निरोप) कर्नल स्वतः अमलात आणतो, समोरच्या प्रोसेसला विचारत नाही. तुमची सवय तिथली दिसते. सिगविनमध्ये सिग्नल पोचवायला तसा कर्नल नाही. प्रत्येक प्रोसेसमध्ये ‘सिग’ नावाचा एक वेगळा थ्रेड, म्हणजे प्रोसेसच्या आत स्वतंत्रपणे चालणारा धागा, असतो. तो एका पाइपवर (निरोप यायची वाट) कान लावून बसलेला असतो आणि बाहेरून आलेला सिग्नल त्याच पाइपमधून त्याच्याकडे येतो. सिगकिल, म्हणजे तुमचा नाईनसुद्धा. म्हणजे मरायचा निरोपही त्यानंच वाचायचा असतो. तो थ्रेडच कुठल्या लॉकवर (एका वेळी एकाच थ्रेडच्या हाती राहणारं कुलूप) अडकला असेल तर तुमचा नाईन पाइपात पडून राहतो आणि पीएसच्या यादीत बॅश जसाच्या तसा दिसत राहतो. माझ्याकडे नेमकं हेच होत होतं, आणि लेखात हे स्पष्ट लिहिलं होतं. ‘मारायचं आणि पुढं जायचं’ म्हणता, पण ती मरतच नव्हती.

मग मारायची कशी? सिगविनच्या किलला मायनस एफ असा पर्याय आहे, तो थेट विंडोजकडून प्रोसेस संपवून घेतो. त्यातही गोम अशी, की बॅशमध्ये नुसतं किल लिहिलंत तर बॅशचं अंगचं किल चालतं आणि त्याला हा पर्याय कळत नाही. पूर्ण पत्ता द्यावा लागतो, स्लॅश बिन स्लॅश किल. विंडोजचं टास्ककिल वापरणार असाल तर त्याला विंडोजचा नंबर लागतो. 2019 साली आलेल्या 3.0 आवृत्तीपासून सिगविनचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) आणि विंडोजचा पीआयडी एक नसतात, म्हणून पीएसमधला विनपीआयडीचा स्तंभ बघायचा. घाईत पहिला स्तंभ बघून नंबर टाकलात तर भलतंच काहीतरी बंद पडायचं.

बरं, समजा मारली. पुढं गेलो. काय होतं सांगतो, कारण हे आमच्याकडे घडलेलं आहे. मेकनं चालवलेली एखादी कमांड मधेच मेली की मेक एरर देऊन थांबतं, पण तोवर अर्धवट लिहिलेली फाइल दर वेळी आपणहून पुसतंच असं नाही. मेकफाइलमध्ये डिलीट ऑन एररची ओळ घातलेली असेल तर पुसतं, आणि माझ्या जुन्या मेकफाइलमध्ये ती नव्हती. दुसऱ्यांदा मेक चालवलं. त्यानं फाइलची वेळ बघितली, मूळ चित्रापेक्षा नवी आहे, म्हणजे काम झालेलं आहे, असं ठरवून ती तशीच पुढं पाठवली. टॉवेलच्या एका टोकाला नक्षीची किनार पूर्ण आणि दुसऱ्या टोकाला निम्म्यातून कोरी, असा माल मागावरून उतरायला लागला तेव्हा मागावरच्या माणसानं फोन केला. तेलुगूमिश्रित मराठीत तो जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून अडकलेली प्रोसेस मी आधी बघतो, मग मारतो.

बघतो म्हणजे काय, तेही पुन्हा सांगतो, कारण लेखातला तो भाग तुम्ही वाचलेला दिसत नाही. जीडीबी (प्रोग्रॅम थांबवून आत डोकावायचं साधन) चालू प्रोसेसला जोडला की विंडोज त्या प्रोसेसमध्ये थांबवण्यापुरता एक नवा थ्रेड घालतं आणि जीडीबी तुम्हाला त्या पाहुण्या थ्रेडवर उभं करतो. तिथं बीटी, म्हणजे बॅकट्रेस (कुठल्या फंक्शनमधून कुठं आलो ती साखळी), मारलंत तर डीबीजी ब्रेकपॉइंट वगैरे दिसतं आणि लोकांना वाटतं, काहीच हाती लागत नाही. सगळ्या थ्रेडचा बॅकट्रेस मागावा लागतो: थ्रेड अप्लाय ऑल बीटी. मग दोन थ्रेड शोधायचे, मेन आणि सिग. सिग थ्रेड वेट सिग नावाच्या फंक्शनमध्ये पाइप वाचत बसलेला असेल तर त्याचं ठीक चाललंय, घोळ दुसरीकडे आहे. माझ्याकडे तो तिथं नव्हता. मेन थ्रेड सिगच्या उत्तराची वाट बघत होता आणि सिग एका लॉकवर थांबला होता. तो लॉक कुणाच्या हातात, तर मेनच्या. आता यात कुठला थ्रेड कुठला सिग्नल वाचणार होता, सांगा बरं.

एसट्रेस (प्रोसेस काय काय करते ते ओळीनं लिहून ठेवणारं साधन) का लावला नाही, असं दुसऱ्या एकांनी विचारलंय, त्यांनाही इथंच उत्तर: लावला. लावला की हँग येईनाच. प्रत्येक ओळ लिहिण्यात वेळ जातो, थ्रेडची वेळ बदलते आणि दोघांची गाठ पडायची ती पडत नाही. म्हणून हँग झाल्यावर जीडीबी.

लेख लांब झाला, हे मात्र मान्य. विशेषतः डिबगइन्फोचं (जीडीबीला फंक्शनांची नावं पुरवणारी माहिती) पॅकेज अगदी शेवटी आलंय, ते वर घ्यायला हवं होतं. ते नसेल तर जीडीबी जवळच्या कुठल्यातरी बाहेर दिसणाऱ्या फंक्शनचं नाव दाखवतो आणि माणूस भलत्याच फाइलमध्ये तासभर शोधत बसतो. पॅकेज डीएलएलच्याच बिल्डचं हवं, चाचणीची डीएलएल आणि स्थिर आवृत्तीचा डिबगइन्फो अशी खिचडी केली तर सीआरसी (फाइल तीच आहे का ते ताडायचा आकडा) जुळत नाही म्हणून जीडीबी स्वतःच कुरकुर करतो. तो परिच्छेद मी वर सरकवतो. बघा, चांगली सूचना मी घेतो. ती नीट शब्दांत आली असती तर आनंदानं घेतली असती.

बाकीचं थोडक्यात. डब्ल्यूएसएलचं उत्तर मूळ लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात आहे, फायली विंडोजच्या ड्राइव्हवर आहेत आणि डब्ल्यूएसएल 2 मधून तिथं पोचायला वेळ लागतो, परत वाचा. चाचणी बिल्ड कशाला, तर कुणीतरी आधी वापरून बोंब मारल्याशिवाय तुमची ती स्थिर आवृत्ती स्थिर होत नाही. अँटिव्हायरसचं म्हणाल तर प्रोसेसमध्ये स्वतःच्या डीएलएल घुसवणाऱ्या प्रोग्रॅमची यादी सिगविनवाल्यांनी बीएलओडीए नावानं कधीचीच देऊन ठेवलेली आहे, जगाला माहीत असलेलं मी कशाला लिहू? शिवाय कारखान्याच्या मशीनवरचा अँटिव्हायरस बंद करायचा पासवर्ड माझ्याकडे नाही. एका मशीनचं म्हणाल तर माझ्याकडे आहे ते एकच मशीन आहे, तुम्ही दुसरं पाठवणार असाल तर पत्ता देतो.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, प्रतिक्रिया उघड्या आहेत. फक्त सोबत तुमच्या मशीनवरचं युनेम मायनस आर (सिगविनची आवृत्ती सांगणारी कमांड) काय सांगतं ते आणि अडकलेल्या बॅशच्या सगळ्या थ्रेडचा बॅकट्रेस जोडा. नुसता सल्ला आला तर ठेवेन, पण उत्तर देणार नाही. आणि गावावरून काही आलं तर तेही ठेवणार नाही.